रिबेकासोबत येणारा माणूस

१

आरोग्य तपासणीची गाडी वरच्या पाड्यावरच्या शाळेत आली. डॉक्टरीणबाईंनी एकेका मुलाचं वजन केलं, डोळे पाहिले आणि यादीतलं शेवटचं नाव पुकारलं, "रिबेका."

कुणी उठलं नाही. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसली. मग एकजण म्हणाला, "ती नाही. आईबरोबर गुजरातला गेली, ऊस तोडायला. दिवाळीपासून."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलं. कागद तालुक्याला गेला. तिथं कुणीतरी सहज म्हणून हजेरीच्या यंत्रात रिबेकाचं नाव टाकून पाहिलं. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे रिबेका दिवाळीपासून जवळजवळ रोज शाळेत हजर होती.

हे यंत्र आमच्याकडे यंदा आलं. गुरुजींनी परिपाठ झाला की सगळ्या मुलांचा एक फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. वर कुठंतरी बसलेली कृत्रिम बुद्धिमत्ता एकेक चेहरा ओळखून हजेरी लावते. कागदी हजेरी बंद झाली, नावं पुकारणं बंद झालं. त्यानं वेळ वाचतो असं परिपत्रकात होतं. वाचलेल्या वेळेचं काय करायचं ते बहुधा पुढच्या परिपत्रकात येणार आहे.

मी त्या शाळांची केंद्रप्रमुख, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

"चारुलताताई, स्टीफन गुरुजींचा निलंबनाचा आदेश टाईप करून ठेवलाय," तालुक्याचे साहेब फोनवर म्हणाले. "तुमचा अहवाल तेवढा जोडायचाय. उद्या संध्याकाळपर्यंत द्या."

"साहेब, आदेश आधी आणि चौकशी मागून?"

"यंत्र उघडून बघा ताई, मग मला बोला. पोरगी कोणत्या दिवशी गैरहजर आहे ते नीट बघा."

मी बघितलं. एकदा तपासणीची गाडी आली, तेव्हा ती गैरहजर. एकदा पोषण आहार बघायला पथक आलं, तेव्हा गैरहजर. साहेब स्वतः गेले होते, त्या दिवशीही गैरहजर.

बाहेरचं माणूस शाळेत आलं की रिबेका नसायची. माणसाची पाठ फिरली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

स्टीफन गुरुजींना मी नोकरीला लागल्यापासून ओळखते. तरी मी त्या तारखा पुन्हा एकदा तपासल्या.

२

विसरवाडीहून आत वळलं की रस्ता चढाचा आहे आणि माझी स्कूटी म्हातारी आहे. चढावर ती असा आवाज करते की मी पोचायच्या आधी माझी बातमी पोचते. शाळेच्या वळणावर आले तेव्हा पोरं "मॅडम आल्या, मॅडम आल्या" करत पळत होती. शाळेतले दुसरे शिक्षक, नवनीत सर, पटांगणातली चप्पल उचलत होते. स्वयंपाक करणाऱ्या गंगीबाई शेडच्या उघड्या बाजूला ताणलेल्या पांढऱ्या फ्लेक्सच्या दोऱ्या घाईघाईनं आवळत होत्या. दारावर निवडणुकीच्या आचारसंहितेची सूचना चिकटवलेली होती, तिचा एक कोपरा शेळीनं खाल्लेला.

स्टीफन गुरुजी पायऱ्या उतरून आले. त्यांना सगळं कळलेलं होतं. आपल्याकडे आदेशाआधी आदेशाची बातमी पोचते.

"बसा मॅडम. पाणी घ्या आधी."

"आधी रोजच्यासारखा फोटो काढा गुरुजी. मी बघते."

मुलं पटांगणात रांगेनं उभी राहिली. पाठ शेडकडे, तोंड शाळेकडे. गुरुजींनी पायरीवर उभं राहून फोटो काढला. मग आम्ही दोघं टाकीच्या टेकाडावर चढलो, कारण नेटवर्क तिथंच मिळतं. फोटो गेला. हिरवी खूण आली आणि खाली एकोणीस आकडा आला.

मी स्वतः मोजली होती. पोरं एकोणीसच होती.

गुरुजी त्या आकड्याकडे बघत राहिले. "रोज एक जास्त यायचं," ते हळू म्हणाले. "रोज. मला वाटायचं, यंत्र गंगीबाईंना मोजतंय. त्या मागंच असतात ना, शेडमध्ये. मी त्यांना चिडवायचो पण, की गंगीबाई, तुम्ही पुन्हा पहिलीत बसलात."

"नावं नाही बघितलीत?"

"नावं आम्हाला दिसतच नाहीत. हिरवी खूण आणि आकडा, एवढंच. फोटो पण पाठवला की आपोआप पुसला जातो."

"गुरुजी, हजेरी पडली तर ही शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत मिसळणार, हे खरं ना?"

"खरं आहे."

"पावसाळ्यात तो नाला ओलांडता येत नाही, हेही खरं."

"ते तुम्हाला माहीत आहे मॅडम. म्हणून मी गेलेल्या पोरीला हजर लावली, असं वाटतं तुम्हाला?"

मी पुन्हा त्या एकोणीस आकड्याकडे बघितलं. माझ्यासमोर यंत्र शहाण्यासारखं वागलं होतं. बाहेरचं माणूस आलं आणि जास्तीचं पोर नाहीसं झालं. गुरुजींवरचा आरोप माझ्या येण्यानंच सिद्ध होत होता.

३

नवनीत तापीकाठचा, माझ्या धानोऱ्यापासून जवळचा. नवीन लागलेला, मोबाईलमध्ये तरबेज. बदली होऊन घराजवळ जायचं त्याच्या मनात आहे हे सगळ्या केंद्राला ठाऊक. शाळा मोडली तर त्याची बदली आपोआप झाली असती. त्यामुळे मी त्याला बाजूला घेतलं. आम्ही दोघं एकटे असलो की अहिराणीवर येतो.

"नवनीत, तुन्हा मोबाईल दखाड."

"ताई, मन्हं नाव मधमा लऊ नका," तो म्हणाला, पण मोबाईल दिला.

फोटोंमध्ये त्याची बायको, त्याची मोटारसायकल, पुन्हा मोटारसायकल, आणि मग रिबेका. एकटीचा, समोरून काढलेला फोटो. दोन वेण्या, लाल रिबिनी, ओठ मिटून हसू दाबलेलं.

"मंग हाई काय शे?"

तो जरा चमकला, मग मराठीवर आला. माणूस सरकारी उत्तर द्यायला लागला की मराठीवर येतो. "ताई, यंत्रात नोंद करताना प्रत्येक मुलाचा एक फोटो घालावा लागतो. तो हा. ती तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेत पहिली आली, तेव्हा अभिनंदनाच्या बॅनरला पण हाच दिला. दुसरा काढायला ती उभीच राहीना, पळून जायची."

"हा फोटो तू मुलांच्या मध्ये धरून रोज पाठवत नाहीस ना?"

"फोटो गुरुजी काढतात, त्यांच्या मोबाईलवरून. आणि मला शाळा मोडायची असेल तर मी हजेरी कमी करीन की जास्त?"

हे मात्र बिनतोड होतं. तो रागावलेला होता, पण माणूस कामाचा. त्यानं माझा मोबाईल घेतला. "तुम्ही केंद्रप्रमुख आहात. तुम्हाला नावं दिसतात आणि नावांच्या खालचंही दिसतं. इथं दाबलं का कधी?"

मी कधीच दाबलं नव्हतं. दाबल्यावर हजर मुलांच्या नावांखाली एक बारीक ओळ उघडली.

अनोळखी चेहरा : १.

आम्ही मागचे दिवस उघडले. रिबेका हजर, अनोळखी चेहरा एक. रिबेका हजर, अनोळखी चेहरा एक. पथक आलं त्या दिवशी रिबेका गैरहजर, आणि अनोळखी चेहराही नाही. साहेब आले तेव्हाही तसंच. आजही तसंच.

नवनीतचा राग उतरला. "ताई," तो म्हणाला, "रिबेकासोबत रोज कुणीतरी येतंय. आणि साहेब लोकांना बघितलं की दोघं मिळून जातात."

"हाऊ कोन शे मंग?" मी विचारलं.

दिवाळीपासून आईबरोबर परमुलखात असलेली दहा वर्षांची मुलगी, आणि तिच्यासोबत एक अनोळखी माणूस. आता मला गुरुजींच्या नोकरीपेक्षा त्या पोरीची धास्ती वाटायला लागली.

४

शेडमध्ये चुलीवर खिचडी रटरटत होती आणि धूर बाहेर पडायला वाट शोधत होता. डोळे चुरचुरले म्हणून मी आत गेलेच नाही, बाहेरूनच बोलले. चौकशी करणाऱ्या बाईनं डोळे चुरचुरले तरी आत जावं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"गंगीबाई, एक पोर जास्त दाखवलं की तांदूळ जास्त येतो. हो ना?"

गंगीबाईंनी पळी खाली ठेवली. "मॅडम, तांदूळ जास्त आला तर तो पोरांच्याच पोटात जातो. माझ्या पोटाकडं बघा, त्यात जागा दिसते का?"

त्यांचं पोट दिसण्याइतकं नव्हतंच. मी विषय बदलला.

"शाळेत सकाळी कुणी परका माणूस येतो का?"

"इथं कोण येतंय? तुम्ही येता, साहेब येतात. दुसरं कोणी आलं तर कुत्रं आधी सांगतं."

"रिबेका तुमच्या शेजारची ना?"

"भिंतीला भिंत आहे. लहान होती तेव्हा तिची आई, एस्तेर, कामाला जायची आणि ही माझ्या कडेवर. तिला माझ्याकडं सोडून जा, म्हटलं होतं मी एस्तेरला. पण एस्तेर म्हणाली, शाळेतून कुणी थांबवायला आलं नाही, म्हणजे चालत असेल." त्यांनी पळी पुन्हा उचलली. "कुणी आलं असतं तर थांबली असती."

कोण येणार होतं? गुरुजी मुकादमाचा ट्रक निघाल्यावर तिथं पोचले होते. ऊसतोडीला गेलेली मुलं परत आणायला आमच्याकडे माणसं आहेत, योजनाही आहे, पण ती माणसं गैरहजर मुलांच्या नावांवर निघतात. आणि यंत्राच्या लेखी रिबेका रोज आपल्या जागेवर बसलेली होती.

मी एस्तेरचा नंबर घेतला आणि टाकीवर चढून लावला. बंद.

खाली उतरताना पुन्हा लावला. तरी बंद.

५

परतताना विसरवाडीच्या फाट्यावर चहाला थांबले. ट्रकवाले, एसटीची वाट बघणारी माणसं, भज्यांची कढई, नेहमीचंच. अहवालाला मी मनातल्या मनात सुरुवात केली होती आणि ती सुरुवात मला आवडत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, तुम्ही लावला होता? चार्जिंग नव्हतं. मी एस्तेर."

"रिबेका कुठं आहे?"

"इथंच आहे. का, काय झालं?"

"तिच्याबरोबर कुणी असतं का? कुणी परका माणूस?"

"मी असते. आमची टोळी असते. परका कोण? तुम्ही मला घाबरवू नका मॅडम."

"तिला फोन द्या."

मग तो बारीक आवाज आला, दमलेला पण जागेवर असलेला. "नमस्ते मॅडम."

मी बाकावर टेकले.

"काय करतेस गं?"

"मोळ्या बांधते. आई तोडते, मी बांधते." जरा थांबून तिनं विचारलं, "मॅडम, माझं नाव कापलं का शाळेतून?"

"नाही. उलट तू रोज हजर आहेस."

मग ती म्हणाली, "मग माझ्या जागेवर कोण बसतंय?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही तिच्यासोबत कोण येतं ते विचारत बसलो होतो, तिच्या जागेवर कोण बसतं ते तिनं विचारलं.

फोन ठेवला. चहावाल्याच्या म्हाताऱ्या बापाला, धुडकूबाबांना, माझा मोबाईल फार आवडतो. "मॅडम, मन्हा फोटो काढा ना," ते म्हणाले. मी कॅमेरा त्यांच्यावर धरला. त्यांच्या चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन उमटला. आणि दुसरा एक पिवळा चौकोन त्यांच्या डोक्यावर, छपरात उमटला.

मी मान वर केली. मग चहा अर्धाच सोडून उठले.

धुडकूबाबा मागून म्हणाले, "फोटो ऱ्हायना ना."

६

दुसऱ्या दिवशी स्कूटी खाली वळणावरच लावली आणि चढ पायी चढले. दम लागला, पण आवाज झाला नाही. परिपाठ चालू होता. कुत्र्यानं मला ओळखलं आणि तेही गप्प राहिलं.

मुलं रांगेत उभी होती. त्यांच्या मागं शेड होती. शेडच्या उघड्या बाजूला तेच फ्लेक्स ताणलेलं होतं, पण आज त्याची रंगीत बाजू बाहेर होती.

हात जोडून हसणारे आमच्याकडचे पुढारी हिंमतराव दादा, भल्या मोठ्या मिशांसकट. त्यांच्या बाजूला गोलात दोन वेण्या, लाल रिबिनी, ओठ मिटून दाबलेलं हसू. 'तालुकास्तरीय धावण्याच्या स्पर्धेत प्रथम आल्याबद्दल कु. रिबेका हिचे हार्दिक अभिनंदन.' जिचं अभिनंदन होतं तिचा चेहरा अभिनंदन करणाऱ्याच्या निम्म्यानं होता, पण आपल्याकडे तेही पुष्कळ.

"गुरुजी," मी म्हटलं, "हलू नका. असाच फोटो काढा."

गुरुजी दचकले. गंगीबाई दोऱ्यांकडे धावल्या. "गंगीबाई, हात लावू नका त्याला."

आम्ही सगळे टाकीवर चढलो, गंगीबाईसुद्धा पळी हातात घेऊन. फोटो गेला. वीस. मी माझ्या मोबाईलवर नावं उघडली. रिबेका हजर. अनोळखी चेहरा : १.

खाली आलो, फ्लेक्स उलटं केलं, पुन्हा फोटो काढला, पुन्हा चढलो. एकोणीस. अनोळखी चेहरा नाही.

नवनीतनं दोन्ही आकडे पुन्हा बघितले. मग तिथल्याच दगडावर बसला आणि खांदे हलवून हसायला लागला. "हिंमतराव दादा," तो म्हणाला. "दादा रोज शाळेत येत होते, आणि यंत्र त्यांना अनोळखी म्हणत होतं."

मी त्यांना क्रमानं सांगितलं. फाट्यावरच्या चहाच्या टपरीला छप्पर म्हणून जुनं बॅनर आहे, तिथं कॅमेऱ्यानं माणसाच्या बरोबरीनं छपरातल्या पुढाऱ्यालाही चौकोन केला. म्हणजे यंत्राला कापडावरचा माणूस आणि जमिनीवरचा माणूस यात फरक कळत नाही. बॅनरवर रिबेकाचा जो फोटो, तोच यंत्रात नोंदलेला, हे नवनीतनं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. यंत्रानं तिला ओळखलं नसतं तरच नवल. आणि साहेब लोक आले की पळून जाणारा तो माणूस कोण असेल? शाळेत साहेब यायच्या वेळी ज्याला झाकून ठेवावं लागतं असा चेहरा एकाच जातीचा असतो, पुढाऱ्याचा. आचारसंहितेची सूचना तर दारावरच होती. काल मी येताना गंगीबाई दोऱ्या आवळत होत्या ते वाऱ्यासाठी नव्हतं. फ्लेक्स नुकतंच उलटं केलेलं होतं.

"मागं एक साहेब ओरडले होते," गंगीबाई म्हणाल्या. "शाळेत पुढाऱ्याचं बॅनर कशाला म्हणून. तेव्हापासून कुणी येणार म्हटलं की मी पांढरी बाजू बाहेर करते. स्वच्छ पण दिसतं."

"बॅनर आणलंत कुठून?"

"फाट्यावरून उतरवत होते, तेव्हा मागून घेतलं. वारा येतो ना चुलीवर."

"मग रोज पांढरी बाजूच बाहेर का नाही ठेवली? त्रास वाचला असता."

गंगीबाईंनी आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हाला स्वयंपाकातलं काहीच कळत नाही.

"रंगीत बाजू आत केली की धुरानं काळी पडते, मॅडम. एका दिवसाचं चालतं, पुसून घेते. पण रोज कशी ठेवू? पोरीचं तोंड आहे त्याच्यावर."

गुरुजी तोंड फिरवून पटांगणाकडे बघत राहिले. माझेही डोळे चुरचुरले. आज धूर नव्हता.

साहेबांना मी टाकीवरूनच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मग म्हणाले, "म्हणजे मी आलो त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुम्ही त्या फ्लेक्ससमोरच खुर्ची टाकून बसला होतात साहेब. पांढऱ्या बाजूला."

जरा वेळानं कागद फाडल्याचा आवाज आला. नवनीत म्हणतो तो नेटवर्कचा होता. मी अहवालात फाडल्याचाच धरला.

७

अहवालाबरोबर मी दुसरा एक कागद जोडला. वरच्या पाड्याची एक मुलगी दिवाळीपासून गैरहजर आहे, तिला आणायला माणूस पाठवावा. नाव गैरहजरांत आल्यावर योजना हलली. गंगीबाईंनी एस्तेरला फोन करून स्वतःच्या भाषेत बरंच सुनावलं, त्यातलं मला 'माझ्याकडं' एवढं कळलं. पोरगी ऊस संपेपर्यंत गंगीबाईंकडे राहणार असं ठरलं.

ती आली त्या सकाळी मी मुद्दाम गेले. स्कूटी पूर्ण आवाज करत वर गेली. फ्लेक्स आता शेडच्या मागच्या बाजूला होतं, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं.

रिबेका रांगेत उभी होती. उन्हानं रापलेली, गाल आत गेलेले, उवा झाल्या म्हणून टोळीत कुणीतरी केस अगदी बारीक कापलेले. हातावर उसाच्या पानांचे ओरखडे. ओठ मिटून हसू तेवढं जुनंच होतं. गंगीबाई शेडमधून सारख्या डोकावत होत्या, खिचडी लागली तरी.

गुरुजींनी फोटो काढला. आम्ही वर चढलो. हिरवी खूण आली.

मी नावं उघडली. एकोणीस मुलं हजर. रिबेका गैरहजर.

खाली बारीक ओळ होती. अनोळखी चेहरा : १.

नवनीतनं मोबाईल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "ताई, नवा फोटो घालावा लागेल हिचा."

"घाल सावकाश," मी म्हटलं. "केस वाढू दे."

खाली उतरलो. मुलं अजून रांगेतच उभी होती, पुढं काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्टीफन गुरुजी पायरीवर चढले. मोबाईल त्यांनी खिशात घातला आणि घसा साफ केला. परिपत्रक मला पाठ आहे, पण त्या वेळी आठवलं नाही.

"रिबेका," गुरुजींनी पुकारलं.

ती जरा गोंधळली. मग तिनं हात वर केला, रांगेतल्या सगळ्यांत उंच.

"हजर, गुरुजी."